भरलेल्या गाडीचं माप

रेणुकास, दुरून सप्रेम जयभीम.

परवा फोनवर "बहुतेक परत यावं लागेल" म्हणालो होतो, ते मनातून काढ. नोकरी टिकली. त्या दिवशी फोन ठेवल्यावर तू जेवलीस ना?

झालं असं. इथे शहराच्या मधोमध आम्ही बांधतो त्या बिनचालकाच्या रेल्वेगाडीचा तळ आणि फलाट एका पातळीत हवेत, नाहीतर चाकाच्या खुर्चीवरचा माणूस अडतो. साहेबांनी रिकामी गाडी मोजली. मी म्हटलं, चिखलीच्या बाजारात कापूस भरला की गाडी दबते, तशी ही माणसांनी दबेल. भरून मोजल्याशिवाय मापाच्या कागदावर सही करणार नाही.

सोबतचा जानेफळचा देवानंद म्हणे, "काऊन जिद्द करून राह्यला बे? घरी धाडतील तुले!"

आज वाळूच्या गोण्या भरून मोजली. तळ फलाटाच्या एकवीस मिलिमीटर खाली! साहेबांनी माझ्या हातातली पट्टी घेऊन स्वतः पुन्हा मोजली आणि म्हणाले, "उरलेली पाच स्थानकं तूच माप." मी कुठल्याच कॉलेजात गेलो नाही, हे त्यांना माहीत आहे.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, कचरू येईल तो सुट्टी घेऊन येईल, काढून टाकला म्हणून नाही.

तुझाच,
कचरू