जॉयस्टिक गोळ्याची की लांब मुठीची?

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

व्हिडिओ गेमचं कपाट एकदाचं उभं राहिलं. शाळा चुकवून आपण ज्याच्यापुढे उभे असायचो, अगदी तसलं. दिवसभर लोकांचे दात कोरतो, संध्याकाळी लाकूड. बायको म्हणते, आवाज दोन्हीकडे सारखाच, फक्त लाकूड विव्हळत नाही.

आता घोडं जॉयस्टिकवर अडलंय. एक गोळ्याची, चिमटीत धरायची, जरा बोट लागलं की वळते. दुसरी लांब मुठीची, जडशी, मुठीत पकडायची. मला गोळा आवडतो. पण खेळणार आपण दोघं, म्हणून दोन्ही पाठवतोय. हाताळून कळव.

डॉक्टरांनी तुला प्रवासाची मोकळीक दिल्याचं भाऊजी म्हणाले. मग इकडे यायला अडलंय कुठे?

लोभ असावा, चिमटे नसावेत.
तुझा ठोंब्या

११ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. ह्यांना वाटलं, मोटारीचा गिअर आला. तू दातांचा डॉक्टर कसा झालास, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तुला साधं गुपितही दाताखाली धरता येत नाही. हाताची चौकशी करायची होती तर सरळ करायची.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजवी बोटं ऐकत नाहीत. कात्री धरवत नाही, म्हणून शिवणाचं दुकान बंद आहे. गोळा तर चिमटीतून निसटतोच. तुझ्याकडे आले की तुम्ही सगळे मला सांभाळून घेणार, तू मुद्दाम हरणार, आणि मला ते दिसणार. म्हणून येत नाही. तू गोळाच लाव.

वहिनीला आशीर्वाद, तुला अर्धाच.
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी मुद्दाम हरेन? तुझे धपाटे खाऊन वाढलेला माणूस मी, इतकी दया आणू कुठून?

एरवी जॉयस्टिक डाव्या हाताला असते आणि बटणं उजव्या. तुझ्या बाजूच्या फळीला अजून भोकं पाडलेली नाहीत. लांब मूठ उजवीकडे घेतली आणि बटणं डावीकडे, तर उजव्या बोटांना वेगवेगळं काम उरत नाही, नुसती मूठ धरायची. पण तू हो म्हटल्याशिवाय ड्रिल हातात घेणार नाही. बायको ह्या वाक्यावर फार खूश आहे.

उत्तराची वाट पाहणारा,
ठोंब्या

१ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

ह्यांनी लांब मूठ जेवणाच्या टेबलाला आवळून दिली आहे. जेवताना ह्यांनी वरण मागितलं की मी मूठ पातेल्याच्या दिशेला ढकलते. मूठ हातात बसते. वर ढकलताना मनगट रुसतं, बाकी ठीक. स्प्रिंग आहे तशीच जड राहू दे. माझ्यासाठी सैल केलीस तर गाठ माझ्याशी आहे.

पाड भोकं. शनिवारी येते.

ताई

१२ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. तू एकूण एक डाव जिंकलास. वर खुर्चीवर उभं राहून स्वतःसाठी टाळ्या वाजवल्यास. वहिनी तुझ्याकडे डोळे वटारून पाहत होती, ते मी पाहिलं. तिला सांग, रागावू नकोस. आजारी पडल्यापासून माझ्याशी इतकं वाईट कुणीच वागलं नव्हतं. परतताना गाडीत मी एकटीच हसत होते, तर ह्यांनी घाबरून पाण्याची बाटली पुढे केली.

पुढच्या महिन्यात पुन्हा येते. तोवर माज कर, माझी हरकत नाही.

तुझ्यावर भरपूर लोभ असलेली,
ताई