दिलीप चांदोरकर यांचे न केलेले अपील

मी, सुलेखा वामन निजसुरे, वय ५१, व्यवसाय वकिली, राहणार बुकित बातोक, सिंगापूर, हे स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे; नोव्हेनाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी यकृताचे सांगितल्यापासून जरा जास्तच. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेले नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहता फ्लॅट माझा मुलगा तन्मय याला. १९९३ साली मी दिलीप चांदोरकर यांची बायको म्हणून, त्यांच्या नोकरीच्या आधारावर मिळालेल्या वास्तव्याच्या पासवर इथे आले. १९९८ साली मी नोकरीचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी न सांगता माझा पास रद्द करवला. "महिनाभरात निघ. तन्मय इथेच राहील, त्याची शाळा आहे," एवढेच बोलले. तन्मय पाच वर्षांचा होता. विमानतळावर त्याला आणलेसुद्धा नाही.

दोन वर्षांनी इथल्या एका वकिलाकडे टायपिस्ट म्हणून परत आले. लोकांचे पासचे अर्ज टाइप करता करता कायदा कळत गेला. नागरिकत्व घेतले, पदवी घेतली, चव्वेचाळीसाव्या वर्षी सनद मिळाली. तोवर तन्मय मला 'तुम्ही' म्हणू लागला होता.

२. धाकटी बहीण विनीता हिला माझ्या पाटल्या. मी पुण्याला परतले तेव्हा तिने चार लोकांत विचारले होते, "ताई, नेमकं केलंस काय, की हाकललं त्यांनी?" पाटल्या घालताना हे आठवावे.

३. वकिलीचा झगा, पुस्तके आणि चालू अशिले माझी सहकारी अनघा हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

४. कपाटातली दिलीप यांच्या नावाची फाइल तन्मयला. २०१४ साली त्यांची नोकरी गेली आणि कायम वास्तव्याच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले. तन्मयच त्यांना माझ्या ऑफिसात घेऊन आला. दिलीप खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "सुलेखा, काही मार्ग असेल तर बघ." मी कागद पाहिले आणि म्हणाले, "काही नाही. निघायची तयारी करा."

"यू हेल्प एव्हरीबडी लाह," तन्मय इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला. "व्हाय नॉट बाबा?"

मार्ग होता. अपिलाची मुदत संपायला अकरा दिवस होते, आणि असली अपिले मी जिंकलेली होती. ते भारतात परत गेले. सात महिन्यांनी पुण्यात एकटे वारले. तन्मयची तेव्हा परीक्षा होती.

फाइल वाचून फ्लॅट नको वाटला तर त्याने नाकारावा. मग तो विनीताचा. माझी तक्रार करावीशी वाटली तर करावी. माफी मी मागत नाही. दिलीप आज पुन्हा त्या खुर्चीत येऊन बसले तर मी काय सांगेन, हे मला अजूनही माहीत नाही.

सही: सुलेखा वामन निजसुरे
आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. संजीवनी रेगे, मरीन परेड
२. डॉ. रुचिर पाध्ये, नोव्हेना
सिंगापूर, ९ सप्टेंबर २०१६