साठावा मासा

मंगळवार, ३ तारीख

लिही — आजही नाही! पाकीट फोडलं, तीन कार्डं निघाली, तिन्ही घरात आधीपासून आहेत. त्यातलं एक तर सासूबाई. आता सहा सासूबाई झाल्या. माशाचं खरं नाव काहीतरी लांबलचक आहे म्हणे, पण खालचा ओठ पुढे काढून असा रुसून बसलेला मासा मी दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणार?

‘खोल पाणी’ हा खास संच. साठ कार्डं. एकदाच छापला, पुन्हा छापणार नाहीत, म्हणून सगळे तुटून पडलेत. आमच्याकडे एकोणसाठ जमली. राहिलाय तो दिवामासा. काळ्याकुट्ट पाण्यात कपाळावर दिवा लावून एकटाच निघालेला. दुकानदार म्हणतो, शेकडो पाकिटांत एखादा.

आमच्याकडे म्हणजे माझ्या नातीकडे. वय बारा, तोरा पन्नाशीचा. शाळा सुटली की माझ्याकडे येते, मी बोलते ते या वहीत उतरवते आणि एका पानाला एक पाकीट घेते. म्हणून मी तिला कारकूनबाई म्हणते. परवा म्हटलं, "पाकीट बंद केलं तर?" म्हणाली, "मग तूच लिही." नात कोणाची!

मला लिहायला येत नाही. लोक अक्षरशत्रू म्हणतात. शत्रू कसली? आमची कधी गाठच पडली नाही. बत्तीस वर्षं छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात होते. छापलेले कागद दुमडले, शिवले, डकवले. हजारो पुस्तकं हाताखालून गेली, एकानेही मला अवाक्षर सांगितलं नाही. ही वहीसुद्धा मीच शिवली आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधल्या, म्हटलं एक आपली असावी.

कारकूनबाई विचारते आहे, "हे पण लिहू?" सगळं लिही. गाळायचा अधिकार तुला दिलेला नाही.

गुरुवार, ५ तारीख

स्टेशनरीच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने मला पाहिलं आणि पाकिटांची पेटी हळूच मागे सरकवली!

"आजी, उचलायचं. चाचपायचं नाही."

"अहो, मला कुठे वाचता येतंय?"

"वाचता येत नाही म्हणूनच भीती वाटते."

माणूस हुशार आहे. छापखान्यात मला अंगठाबहाद्दर म्हणून हिणवायचे. पण माझा अंगठाच शिकलेला आहे! कागद केसभर जाड असला तरी त्याला समजतं. चमकी कार्डावर वरून एक पापुद्रा असतो, त्याने पाकीट जरासं ताठ राहतं. आज सगळी मऊच होती. तरी एक घेतलं. निघाल्या सासूबाई. सात!

शुक्रवार, ६ तारीख

कारकूनबाईंची पाण्याची बाटली दप्तरात गळली. दोन कार्डं एकमेकांना चिकटली, आणि त्यातलं एक तिचा लाडका काचेचा ऑक्टोपस. रडकुंडीला आली होती, पण रडली नाही. ओढून काढायला निघाली तेव्हा हात धरला.

किटली ठेवली. माझा पत्र्याचा डबा उघडला — दोरा, दाभण आणि तळाशी कागद दुमडायची हाडाची पट्टी, माझ्या हाताने झिजलेली. कार्डं वाफेवर लांबून धरायला लावली, मग पट्टी कडेने आडवी आत. "घाई नको. कागद आपण ओढायचा नसतो. तो सोडतो." दोनदा जीभ चावून, श्वास रोखून तिने सोडवलं! ऑक्टोपस सुखरूप.

हात चांगला आहे पोरीचा. हे लिहू नकोस. बरं, लिही.

सोमवार, ९ तारीख

काल मुलगा, सून जेवायला आले होते. सून म्हणाली, "आई, तिचा अभ्यास वाढलाय. हा संच होईपर्यंत येऊ दे तिला तुमच्याकडे, मग मात्र शाळेतून थेट घरी. किल्ली देणार आहे तिला." सुनेचं काही चुकलं नाही. शाळेतून इथे यायला एक बस, इथून घरी जायला दोन. मुलगा पाणी पीत राहिला. तो लहानपणापासून अडचणीत पाणीच पितो.

मी म्हटलं, बरोबर आहे.

कारकूनबाईंनी आत्ता पेन झटकलं. शाई अडकली म्हणे.

मंगळवार, १० तारीख

पाकीट फोडलं. दोन खेकडे आणि एक साधा मासा. कारकूनबाईंनी पाकीट नाकाशी नेलं. "आजी, याला खळीचा वास येतोय."

माझ्या घरात मलासुद्धा खळीचा वास येतो, म्हटलं. बत्तीस वर्षं पुस्तकं चिकटवायला तीच कालवली.

बुधवार, ११ तारीख

आज लिहिताहेत वरच्या मजल्यावरचे भावजी. बुधवारी नातीचा खेळाचा सराव असतो, ती येत नाही. भावजी म्हणजे ह्यांचे मित्र, आमच्याच छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घ्यायचे. हे गेल्यापासून रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवतात आणि वाचता वाचता पेपरातल्याही काढतात.

भावजी, जे सांगते ते जसंच्या तसं. कपाळाला आठ्या नंतर घाला.

शनिवारी दुकानात एक पाकीट हाताला ताठ लागलं. घेतलं, खणात ठेवलं. रविवारी सून बोलून गेली. सोमवारी सकाळी मी किटली ठेवली, पाकिटाची चिकटपट्टी वाफेवर सोडवली आणि आत पाहिलं. दिवामासा! किती सुंदर छापलाय, काय सांगू. दिव्यावर खरी चमक आणि बाकी सगळा अंधार. मी तो काढून घेतला, जागी एक जादा खेकडा घातला आणि पाकीट खळीने पुन्हा बंद केलं. छापखान्याच्या मालकालासुद्धा समजलं नसतं. काल ते पाकीट पोरीने फोडलं, माझ्यासमोर. चेहरा पडला तिचा, पण मला म्हणाली, "जाऊ दे आजी, पुढच्या वेळी."

दिवामासा डब्यात आहे, हाडाच्या पट्टीखाली.

भावजी म्हणाले, "वहिनी, ही चोरी झाली."

चोरी कशी? पाकीट मी विकत घेतलं.

"वहिनी."

बरं, चोरी. पण साठावा मासा मिळाला की पोर बसने थेट घरी. मग या खोलीत मी आणि ही किटली. आणि तुम्ही, पण तुम्ही किटलीपेक्षा कमी बोलता. थोडे दिवस, एवढंच. काही कायमचा नाही ठेवणार.

भावजी विचारतात, वही तीच, उद्या नात हे वाचेल त्याचं काय? मी लिहायला शिकले नाही म्हणून काय डोकं गहाण टाकलंय? हे पान आणि पुढचं पान कडेने डकवून टाकते. माझी खळ आहे. बत्तीस वर्षांत कोणाच्या बापाला सुटलेली नाही.

गुरुवार, १२ तारीख

कारकूनबाई म्हणाली, "वहीचं एक पान जाड झालंय." म्हटलं, ओल आली असेल. म्हणाली, "हो का?" आणि लिहायला बसली. वही आज घरी नेते म्हणे, शाईचे डाग खोडायचेत. ने बाई.

शुक्रवार, १३ तारीख

गप्प आहे. विचारलं तर म्हणे डोकं दुखतंय. मधेच उठून माझं दाभण मागितलं, वहीचा एक टाका सैल झालाय म्हणून. म्हटलं, डब्यातून मी देते. तर म्हणे, "बस ग, मी घेते." वाढून ठेवलेलं संपवलं, मधे दोनदा मागे वळून पाहिलं.

मंगळवार, १७ तारीख

पोरीचं काहीतरी बिनसलंय. दोन पाकिटं फळीवर पडून आहेत, न्यायची विसरली! कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही. अक्षर काढते ते रांगोळीसारखं, सावकाश. पूर्वी पान अर्ध्या तासात संपायचं. आता बाहेरचे दिवे लागेपर्यंत एक पान. म्हटलं, अगं, इतकं सुबक कोणासाठी? मला अक्षरं सगळी सारखीच. म्हणाली, "राहू दे. मला आवडतं."

मग हातातलं पेन तसंच ठेवून बॉम्ब टाकला. रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्डांची अदलाबदल आहे. तिथे एक दाढीवाला संग्राहक येणार, त्याच्याकडे दोन दिवामासे आहेत. एकाच्या बदल्यात त्याला बारा चमकी कार्डं हवीत. "मी देणार आहे," म्हणाली. "ऑक्टोपस धरून."

ऑक्टोपस! माझा चहा अंगावर सांडला.

म्हटलं, बारा म्हणजे लूट आहे. म्हणाली, "मग काय करू? दुसरा आहे कुठे दिवामासा?" आणि माझ्याकडे बघत बसली.

मी उठून किटली घासली. स्वच्छच होती.

बुधवार, १८ तारीख

भावजी, थोडंच लिहा. हेही पान डकवायचंय.

माझ्या डब्यात मासा पडलेला आणि त्याच माशासाठी पोर घर लुटवायला निघालेली. जेवण जात नाही.

भावजी म्हणाले, "छापून झाल्यावर चूक सापडली तर काय करायचो आपण?"

शुद्धिपत्र लावायचो. छोटीशी चिठ्ठी, पुस्तकाच्या सुरुवातीला. ती डकवायची मीच. कोणाची काय चूक ते मला कधी समजलं नाही, पण चिठ्ठी कधी वाकडी लागली नाही.

"मग?" म्हणाले. आणि एवढं लिहून वर जायला उठलेत. इतक्या कमी शब्दांत एवढं सांगणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

शुक्रवार, २० तारीख

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

काय ते विचारू नकोस, नुसतं लिही.

सोमवार, २३ तारीख

काल वाचनालयाच्या हॉलमध्ये. टेबलं मांडलेली, टेबलांवर कार्डं, कार्डांवर माना. मोठमोठे बाप्ये भिंग लावून बसलेले! कुजबुज अशी की जणू कोणी आजारी आहे. दाढीवाला कोपऱ्यात. त्याचा दिवामासा प्लास्टिकच्या जाड चौकटीत.

"आधी माझी आजी बघणार," कारकूनबाई म्हणाली.

तो हसला. "आजींना कळतं यातलं?"

"तिला त्यातलंच कळतं."

हल्ली खोटी कार्डं फार निघाली आहेत, त्यामुळे त्यालाही नाही म्हणवेना. चौकटीतून काढून दिलं. मी अंगठा फिरवला. कड पाहिली, पापुद्रा पाहिला, उजेडात तिरकं धरलं. आजूबाजूचे दोघे-तिघे वाकून बघायला लागले. पोर माझ्या तोंडाकडे बघत होती, कार्डाकडे नाही.

एक शब्द बोलले असते — खोटं आहे. सगळं तिथेच मिटलं असतं. तिची बारा कार्डं वाचली असती आणि दाढीवाला जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडत बसला असता. शब्द जिभेवर आला होता.

पण अंगठ्याने आजवर खोटं सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "खरं आहे. अस्सल." आणि मग म्हटलं, "पण देऊ नकोस."

"का?"

हे दाढीवाल्याने विचारलं, पोरीने नाही. पोर म्हणाली, "बरं." बारा कार्डं उचलली, ऑक्टोपस सगळ्यात आधी, आणि पिशवीत भरली. येताना बसमध्ये खिडकी मला दिली. एकदाही विचारलं नाही, का म्हणून. ही पोर जी जन्मल्यापासून श्वास घेते तो ‘का’ म्हणत घेते!

का ते उद्या सांगेन. आज पान भरलं. नाही भरलं? मग मोठं अक्षर काढ.

मंगळवार, २४ तारीख

कारकूनबाई, आज शुद्धिपत्र. मान खाली घाल आणि एक अक्षर न गाळता लिही.

दिवामासा माझ्याकडे आहे. पंधरा दिवस झाले. खळीचा वास तुला बरोबर आला होता. संच पूर्ण झाला की तू यायची थांबशील म्हणून लपवला. दुसरं कारण नाही. लिहिलंस? थांब, डबा आणते.

आणला. दोरा, दाभण, हाडाची पट्टी. पट्टीखाली दिवामासा, ठेवला होता तिथेच. पण आता तो प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात आहे. कोपरे दुमडू नयेत म्हणून घालतात तसल्या.

मी घातलेला नाही.

वही ओढून घेतली आणि डकवलेल्या पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. पहिल्या जोडीला माझी खळ नाही. दुसऱ्या जोडीलाही नाही. शाळेतला गोंद आहे.

समोर बसून ही लिहिते आहे. मान वर करत नाही. सावकाश, सुबक.

विचारते आहे, "पुढे काय लिहू, आजी?"