यंदा जागा शिल्लक नाही

म्लिनो, ब्लेड सरोवर
४ जून १९०७

चि. लोव्रोस,
पोलोनाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं असतं. पण ठीक काही नाही. जून लागला आणि आपल्या आठांपैकी पाच खोल्या रिकाम्या. ग्राझच्या होयरबाई अकरा उन्हाळे आल्या, यंदा त्यांचा चकार शब्द नाही. व्हिएन्नाच्या मंडळींचंही तेच. आपल्या खानावळीला देवी आल्यात की काय?

शेजारी गाश्परकडे मात्र बघ! वसंतात त्यानं होडीघरावर तीन खोल्या चढवल्या आणि तिन्ही भरल्या. लेस्से स्थानकावरून आपल्या पाहुण्यांना आणायला गाडी त्याची, त्यांना बेटावर न्यायला छताची होडी, ती प्लेतनाही त्याचीच. वाटेत त्यांना स्वतःच्या दारात उतरवून घ्यायला कितीसा वेळ लागतो? मी आडून विचारलं, तर हसून म्हणतो कसा, पोलोना, तुझं सूप पिऊन पळाले असतील. तो पूर्वी माझ्यापुढे असा हसत नसे.

आईला मात्र कशाचंच काही नाही. रोज सकाळी दारातल्या बाकावर टपालवाल्याची वाट बघत बसते आणि चक्क गुणगुणते. खोल्या रिकाम्या आहेत म्हणून सध्या कोपऱ्यातल्या खोलीत निजते. कुणी आलं की आपल्या होडीघराच्या माळ्यावर जायला हवं, हे तिला बजावून ठेवलं आहे.

पत्राला उशीर करू नकोस. माया आहे तशीच ठेव.
तुझी ताई, पोलोना

त्रिएस्ते
९ जून

ती. पोलोनाताईस,
लोव्रोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना लाटणं हातात घेऊनच लिहायला बसली असशील असं वाटलं. मी खुशाल आहे. हॉटेलच्या कचेरीत दिवसभर परक्यांची पत्रं लिहून बोटं झिजतात, म्हणून घरचं पत्र आखूड होतं, रागावू नकोस.

ताई, गाश्परवर एकदम आळ घेऊ नकोस. बाबा सरोवराच्या बर्फाखाली गेले तेव्हा कमरेला दोर बांधून कोण उतरलं होतं, ते तूच मला सांगितलंस. एखादा उन्हाळा जरा सुना गेला तर काय बिघडलं? तूही चार दिवस पाय पसरून बस. आणि पाहुणे आले तरी आईला कोपऱ्याच्या खोलीतच राहू दे. एवढं ऐक.

सुक्या नासपती पोचल्या. आईला सांग, पुडकं नीट मिळालं. लहान भावावरची मर्जी खप्पा होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझा लोव्रो

म्लिनो
२३ जून

चि. लोव्रोस, आशीर्वाद.

पाय पसरून बस म्हणे! आता ऐक.

गुरुवारी बाजारातून येताना गाश्परच्या सज्ज्यात कोण दिसावं? होयरबाई! मला बघून त्याच रुसल्या. म्हणाल्या, अकरा वर्षांच्या ओळखीला असं कोरडं कार्ड? आणि पेटीतून आपल्याच खानावळीचं छापील कार्ड काढून दाखवलं. खाली यंत्रावर टंकलेली एक ओळ, अस्सल जर्मन: यंदा जागा शिल्लक नाही. मला तर दोन ओळी जर्मन लिहिताना घाम फुटतो. मग बाईंनी शेजारच्या घरी लिहिलं, दुसरं काय करणार?

आपली कार्डं कपाटात असतात. ते कपाट ठाऊक असलेला बाहेरचा माणूस एकच. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत, मी गाश्परला चोर म्हटलं. त्याची बायको मीत्सा रडायला लागली. तो पांढराफटक पडला, आणि एवढंच म्हणाला की पोलोना, आजपासून तुझ्या माणसांना माझी होडी नाही.

आई चर्चहून घरी आल्यापासून जेवलेली नाही. हे सगळं तिला सोसवत नाही.

पण मी सोडणार नाही. होयरबाई उद्या परत चालल्या. कार्डाचं पाकीट घरी आहे, ते पाठवते म्हणाल्या. त्यावरचा शिक्का बघितला की चोर कुठला ते कळेलच. मग मी पोलिसात जाईन.
पाठीशी उभा राहा.
पोलोना

त्रिएस्ते
२७ जून

ताई,
पाकिटावर त्रिएस्तेचा शिक्का आहे. कार्ड मी लिहिलं. एक नाही, सात.

फेब्रुवारीत घरी आलो तेव्हा आईनं मला गुडघे दाखवले. सव्वीस उन्हाळे ती पाण्यावरच्या त्या माळ्यावर निजते आहे. स्वतःची खोली तिला फक्त थंडीत मिळते. मी म्हणालो, ताईला सांगू. तर म्हणाली, तिला सांगितलं तर ती मला आणखी एक घोंगडी देईल. मग तिनं कार्डांचा गठ्ठा माझ्या पिशवीत कोंबला. टपालवाल्याकडून पाहुण्यांची पत्रं तीच घ्यायची आणि नासपतींच्या पुडक्यात घालून मला पाठवायची.

नऊ तारखेलाच मी खरं लिहायला हवं होतं. धीर झाला नाही. गाश्परला यातलं काही माहीत नाही. मी त्याला वेगळं पत्र लिहिलं आहे. आईला बोलू नकोस, मला हवं ते बोल.
लोव्रो

म्लिनो
९ जुलै

लोव्रो,

आशीर्वाद देववत नाहीत, पण देते. सात परक्या घरांना लिहिलंस, मला एक ओळ लिहिता आली नाही? तीन दिवस मी तुझं नाव घेतलं नाही.

पत्र वाचून तडक माळ्यावर चढले. गादीखाली हात घातला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि हाताला ओल लागली. मग खाली आले. आई शेंगा सोलत होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू कष्ट करतेस, तुझ्यापुढे माझे गुडघे काय काढायचे. मला खूप बोलायचं होतं. तिच्यासमोर बसून शेंगाच सोलल्या. घोंगडीचं तिनं म्हटलं ते खरं आहे, लोव्रो. मी घोंगडीच दिली असती.

माफी मागायला गेले, तर गाश्परनं मला घरात घेतलं नाही. तुझं पत्र त्याला पोचलं होतं. म्हणाला, जिथे म्हणालीस तिथेच परत घे. रविवारी त्याच पायऱ्यांवर उभी राहिले. मोठ्यानं सांगितलं की चूक माझी, गाश्पर प्रामाणिक आहे. मीत्सानं मान डोलावली. तो नुसता निघून गेला.

काल सकाळी त्याची प्लेतना आपल्या धक्क्याला लागली. माझ्याकडे न बघता तो आत आला आणि आईला म्हणाला, काकू, बेटावर येता का? नावाड्याची बायको आणि खानावळीची मालकीण, पण छताखालच्या पाहुण्यांच्या बाकावर आई जन्मात बसली नव्हती. तिनं रविवारचा रुमाल डोक्याला बांधला. गाश्परनं हात धरून तिला मधोमध बसवलं. मला विचारलं नाही. मी ओल्या चादरी घेऊन काठावर उभी होते. आईनं एकदा वळून हात केला, मग पुढे बघायला लागली.

तो माझ्याशी अजून बोलत नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

ऑक्टोबरात ये. राग तोवर उतरेल. लोभ उतरायचा नाही.
तुझी ताई,
पोलोना