न उतरलेलं सोंग

५ मे, सोमवार

आलो एकदाचे! टेंभुर्णीच्या पुढचं हे गाव मला बेहद्द आवडलं. बियाणं कंपनीनं इथल्या मिरचीच्या शेडनेटवर मला फील्ड ऑफिसर म्हणून पाठवलंय. कुणाचा बियाण्याचा प्लॉट पास, कुणाचा नापास, हे मी ठरवणार. त्यामुळे सामान उतरवायच्या आधीच तीन घरचा चहा झाला. रखमाजी आणि नंदाबाईंनी राहायला घर दिलंय. ते दोघं शेजारीच राहतात. घर नवंकोरं, स्लॅबचं, पुढे ओसरी, ओसरीला टाइल्स लावलेला जाडजूड खांब. बायकोची, मोनिकाची, जालन्यातल्या दवाखान्यातली नोकरी नवीन, म्हणून शाळेच्या सुटीपुरती आमची अर्पिता माझ्याकडे. पोर दहा वर्षांची, पण जीभ आजीबाईची. पाण्याची मोटर तेवढी बंद होती. वायरमनला असा झापला की लगेच चालू झाली. रागाशिवाय या जगात कामं होत नाहीत.

७ मे, बुधवार

रविवारी नृसिंह जयंती. त्या दिवशी गावात सोंगं निघतात. रखमाजी विचारत आले, साहेब, हिरण्यकश्यपू होता का? नेहमीचा माणूस मोटरसायकलवरून पडलाय म्हणे. मी एका पायावर तयार! मला लहानपणापासून राक्षसच आवडतात. देव ऐनवेळी येऊन जिंकतात, तपश्चर्या करून झिजतात ते राक्षस. रावण विद्वान, महिषासुर दणकट, पण हिरण्यकश्यपूची सर कुणाला नाही. त्यानं आडपडदा ठेवलाच नाही. सरळ म्हणाला, मीच देव. आणि वर काय मागितला! माणसानं मारू नये, जनावरानं मारू नये. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. असा करार आमच्या कंपनीच्या वकिलालाही जमायचा नाही. अर्पिता म्हणाली, तरी मेलाच ना, तिन्हीसांजेला, उंबरठ्यावर, खांबातून निघालेल्या नरसिंहाच्या हातून. म्हटलं, जास्त शहाणी आहेस. सोंगात प्रल्हाद तीच होणार आहे. नंदाबाईंनी मला न विचारता ठरवलं.

११ मे, रविवार

काय सोंग झालं! लाकडी मुखवटा चढवून मी अशी आरोळी ठोकली की पुढच्या रांगेतली पोरं रडायला लागली. आणि मग सगळ्यावर पाणी. खेळ संपला की हिरण्यकश्यपूनं मुखवटा काढून प्रल्हादाच्या पाया पडायचं, अशी इथली रीत म्हणे. मी, बापानं, पोटच्या पोरीच्या पाया पडायचं? तेही ज्यांचे प्लॉट माझ्या हातात आहेत त्यांच्यासमोर? साफ नाही म्हणालो. नंदाबाई अगदी काकुळतीला आल्या. म्हणाल्या, "साहेब, पाया पडल्याबिगर सोंग उतरत न्हाई. जल्दी पडा, मंग जा घरी." मुखवटा रखमाजींच्या अंगावर फेकला आणि निघून आलो. रीत शिकवायला निघालेत मला.

१३ मे, मंगळवार

ओसरीच्या खांबाची टाइल निखळून पडली. आत उभी भेग. नव्या घराला! रखमाजींना वाट्टेल ते बोललो. दुपारी तातेरावचा प्लॉट नापास केला. पीक चांगलं होतं. पण नमस्कार करताना त्यानं मान पुरती वाकवली नाही.

संध्याकाळी अर्पिता पाढे म्हणावेत तसं नारायण नारायण पुटपुटत होती. सोंगातलं तोंडात बसलंय म्हणे. बंद कर म्हटलं. बंद करेना. माझ्या घरात माझं ऐकायचं नाही म्हणजे काय?

१४ मे

आजही तेच. भर उन्हात तिला अनवाणी गच्चीवर उभं केलं. म्हटलं, येईल अक्कल. खाली आलो आणि विसरलो. खरंच विसरलो का? आठवलं तेव्हा उन्हं कलली होती. धावत वर गेलो. ती तशीच उभी, तेच म्हणत. तळव्यांना हात लावून बघितला. गार होते. हात झटकन मागे घेतला. पोरीला पोटाशी धरायला हवं होतं. पण आला तो संताप. तिला चटका कसा बसला नाही, याचा.

खांबाची भेग वाढलीय. हात घातला तर आत ऊब लागते.

१५ मे

अर्पिता गच्चीवरून पडली.

पडली नाही. मी ढकललं. या हातानं. खाली कडब्याची गंजी होती — साधा ओरखडा नाही. रडत म्हणाली, पप्पा, एकदा पाया पडा ना, मंग जाईल ते. एवढंच तर करायचं होतं. नाही केलं. नंदाबाईंनी तिला उचलून आपल्या घरात नेलं, आतून कडी घातली. माझी पोर! रखमाजींनी मोनिकाला फोन केलाय. उद्या येतेय, तिला न्यायला. बघतोच कशी नेते.

१६ मे

खांब आतून घुमतोय. सकाळपासून. भेगेतून गरम वाफ — श्वासासारखी —

दाढीला आरशासमोर गेलो. तोंड माझंच. डोळे लाकडाचे.

मोनिका आली. अंगणात उभी आहे, सगळे तिच्या मागे. अर्पिता तिचा हात सोडून ओसरीवर आली. पाय पुढे केला. पडा ना पप्पा —

घरात जीव घुसमटतो. बाहेर ते सगळे. म्हणून उंबरठ्यावरच बसून लिहितोय. अंधार नाही अजून — उजेडही म्हणवत नाही —

ओरडलो तिच्यावर. कुठाय तुझा तो? ह्या खांबात? लाथ घातली. टाइल्स सगळ्या खाली —

पडतो. पडतो पाया. अर्पे, जाऊ नको. वाकतोय — मान वाकत नाही — मोनिका, तिला ने, आधी तिला —

खांबातून नखं —

कोण आहे रे? प्लॉट कुठला तुझा? मी का वाकू? इथला देव मीच —