आत्याचा गंधार

चैत्र व. ३, शके १८६१. बोरी
सकाळीच गावच्या देशमुखांकडून बोलावणं. त्यांच्या धाकट्याचं लग्न वैशाख शु. सप्तमीला. तहसीलदारसाहेब येणार, त्यांच्यासमोर नवरदेवाच्या कौतुकाचा सेहरा म्हणायचा. शब्द मी करायचे, पण "मास्तर, चाल ह्या तबकडीसारखीच पायजे." फोनो लावला. तीच तबकडी पाच वेळा ऐकवली. शी! दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं आपल्या पानात वाढून घ्यायचं. बरं म्हणून आलो. पेटी वाजवायची नोकरी त्यांची, पेटी त्यांची, मी तरी कुठं माझा?

व. ५
शब्द बसवले. नीट बसतात, याचीच जास्त किळस येते. जेवण गेलं नाही.

व. ६
पहाटे आत्या जात्यावर. घरात आम्ही दोघंच. मला तिनंच वाढवलं. लहानपणी ताप आला की तिची ती एक संथ ओवी ऐकतच झोप लागायची. आजही मळमळ खाली बसली. बाजेवर पडल्यापडल्या सेहऱ्याची चाल सुचली. वळण ओवीचं, पण चाल माझी. इतक्या वर्षांत पहिली, जिची लाज वाटत नाही. विसरेन म्हणून कोळशानं भिंतीवर सरगम लिहिली. आत्या ओरडली, परवाच सारवलं होतं.

व. ८
पेटीवर चाल मरते. आत्याचा गंधार कोमलच्याही खाली, पेटीत तो नाहीच. तिला म्हटलं, तेवढा सूर धरून ठेव.
"मला काय ठावं सूर न् बीर? जातं वढताना निगतंय ते निगतंय."
जात्याशिवाय येईचना. शेवटी तिनं मूठभर ज्वारी टाकली, मी पेटी जात्याशेजारी ओढली. गंधाराचा आतला सूर, म्हणजे पितळी पट्टी, उतरवायला चाकूनं मुळाशी खरवडला. थोडा. अजून थोडा. मिळाला!! दळता दळता आत्या थांबली. "आगं बया, पेटी माज्यावानी बोलायलीय की." डोळ्यांत पाणी आलं, तिच्याही.

व. ९
गाढव आहे मी. तबकडीच्या चालीत तोच सूर ओळीओळीला येतो, आणि आता आंबट लागतो. टोकाकडून खरवडलं की परत चढेल, पाच मिनिटांचं काम. पण पितळ पातळ झालंय. एकदा चढवला की पुन्हा उतरवता येणार नाही, तुटेल. राहू दिलाय.

वैशाख शु. २
देशमुखांच्या ओसरीवर तालीम. जीव मुठीत धरून माझी चाल म्हटली. दोन ओळी झाल्या, दे. म्हणाले, "मास्तर, तहसीलदारापुढं दळण दळता का काय?" ओसरी खो खो हसली.
आणि मीही हसलो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं. थू माझ्या जिनगानीवर.
घरी आत्यानं विचारलं, "आवडलं का रं बापू?" म्हटलं, डोलले सगळे.

शु. ४
आत्यानं गल्लीभर सांगितलं, माझी ओवी सायबापुढं होणार. ते दे.च्या कानी गेलं. बोलावून म्हणाले, "रांडमुंड बाईचं गाणं शुभकार्यात? आक्कल हाय का न्हाई? तबकडीची चाल वाजवा, न्हाईतर पेटी ठेवून जावा." मान खाली घालून उभा होतो. त्यांच्या पानाच्या पिंकेचा वास अजून नाकात आहे. आत्याला यातलं काही सांगितलं नाही.

शु. ५
त्यांच्याकडे घाणा भरला. सवाष्णी जात्यावर हळद दळत होत्या, ओव्या म्हणत होत्या. निम्म्या ओव्या आत्यानंच शिकवलेल्या. तिला अर्थातच बोलावणं नाही. ती आमच्या दारात बसून ऐकत होती आणि एकीची चाल चुकली तेव्हा स्वतःशीच हसली. मला ते बघवेना. तिला बाहेर ठेवणाऱ्या ह्या आपल्या लोकांचा इतका विटाळ मला कधी वाटला नव्हता.

शु. ६
उद्या लग्न. पेटी उघडून तो सूर बाहेर काढलाय. चाकू शेजारी. अजून हात लावलेला नाही.
आत्या आली. "बापू, मी मांडवात न्हाई यायची रं. पर मागं, बैलं बांदत्यात तितं हुबी राहून आयकू का? कुणाला दिसायची न्हाई."
म्हटलं, ये.
ती आता चांगलं लुगडं धुवायलीय.