दोन उजवे पाय

३ मे, रविवार

शिवणाचा कागदी पॅटर्न आणला! कापडाच्या दुकानात ठमी पॅटर्नच्या पाकिटांच्या फळीसमोर खिळून उभी होती. एका पाकिटावर रॉम्पर घातलेली मुलगी — वर बिनबाह्यांचा झगा, खाली चड्डी, सगळं एकसंध. विचारलं, "हवाय का?" तिने नुसते खांदे उडवले. याचा अर्थ 'हो' की 'नको'? मी 'हो' धरला आणि पिवळं फुलाफुलांचं कापडही घेऊन टाकलं. उशीच्या खोळींपलीकडे मी आयुष्यात काही शिवलेलं नाही!

ठमी नवऱ्याची मुलगी, त्याच्या पहिल्या लग्नाची. मग माझी कोण? आठ वर्षांची आहे, राहते आईकडे. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच सुट्टीला आली आहे. बापाला फोनवर आधीच बजावलं होतं — "यंदा येऊन बघते. नाही आवडलं तर पुढच्या वर्षी येणार नाही." म्हणजे मी परीक्षेला बसले आहे आणि पेपर कुठल्या विषयाचा तेच माहीत नाही.

५ मे, मंगळवार

पॅटर्नचा कागद उलगडला. टेबलभर पसरून खाली लोंबायला लागला. सगळ्या वयांची मापं एकावर एक! सलग रेघ, तुटक रेघ, ठिपक्यांची रेघ. आठ वर्षांची तुटक. ती मध्येच सहाच्या रेघेत शिरते आणि बाहेर येते ती दहाची होऊन. सूचना म्हणते, तुकडा तीन तुकडा पाचला जोडा. पाच आहे कुठे? डोक्याचा पार भुगा झाला.

नवरा म्हणाला, "दिवसभर लोकांचे एक्स-रे काढतेस, आणि एक कागद वाचता येत नाही?"

म्हटलं, हाडं माणसाच्या आत आधीच जोडलेली असतात. मला जोडावी लागत नाहीत.

६ मे, बुधवार

कागद दवाखान्यात नेला. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक्स-रे बघायच्या दिव्यावर लावला आणि तुटक रेघ गिरवून घेतली. झकास दिसली! तेवढ्यात डॉक्टरीणबाई आत आल्या. चष्मा नाकावर ओढून बराच वेळ बघत राहिल्या. "हे काय आहे?"

"मुलीचा रॉम्पर," मी म्हणाले.

मुलीचा! सहज निघून गेलं तोंडातून. दिवसभर तेच घोळतंय डोक्यात.

८ मे, शुक्रवार

ठमी माप देत नाही. टेप घेऊन गेले तर भिंतीला पाठ लावून उभी. "बाबा, तिला सांग, नको." तिला! मी दोन हातांच्या अंतरावर उभी असताना! मला ती हाकच मारत नाही. काकू नाही, मावशी नाही, नावानेही नाही. पाणी हवं असलं तरी बापाकडून मागवते. शेवटी दोरीवर वाळत असलेला तिचा फ्रॉक मोजला. इकडेतिकडे बघत — चोरी केल्यासारखी!

ताईला फोन केला. "अगं, लाडीगोडी लावायला जाऊ नकोस. पोरांना बरोबर कळतं." मग काय करू? "काही करू नकोस." काही न करणं कसं करायचं, ते मात्र सांगितलं नाही.

मला ठमी आवडते का? की मला नुसतं नापास व्हायचं नाहीये? खरंच कळत नाही.

९ मे, शनिवार

कापलं!! आता माघार नाही.

१० मे, रविवार

शेजारच्या काकूंचं मशीन आणलं. वरचा भाग बरा जमला. मग पाय. एक जुळला. दुसरा लावला तर फुलं आत! फिरवला — फुलं बाहेर आली, पण पुढचा वाक मागे गेला. उसवलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मशीनला शिव्या घातल्या, पाकीट छापणाऱ्याचा उद्धार केला.

ठमी दारातून बघत होती. आत आली, दोन्ही पाय जमिनीवर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाली, "हे दोन्ही उजवे आहेत."

बघते तर खरंच! दुसऱ्यांदा कापताना कागद उलटा करायचा असतो, तो मी तसाच ठेवला होता. रोज प्रत्येक फिल्मवर डावा-उजवा अशी खूण लावणारी मी! ठमी हसायला लागली. पडलेल्या दाताच्या फटीतून, खिदळून. मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते का, माहीत नाही.

मग तिने सांगितलं, बापाला नाही, थेट मला — "दुकानात मी मांजर बघत होते. फळीखाली झोपलं होतं."

मांजर! म्हणजे रॉम्पर हवाच नव्हता?

"मग थांबवू का शिवायचं?"

खांदे उडवले. परत तेच!

१२ मे, मंगळवार

दुकानात पिवळं कापड संपलंय. नवरा म्हणतो, "सोड ना, विकतचा आणू." 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. मग माझा जुना निळा कुर्ता काढला आणि त्यातून डावा पाय कापला. कागद आठवणीने उलटा केला! एक पाय पिवळा, एक निळा. पोर विदूषक दिसणार. ठमीने निळा तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, ठेवून दिला. आवडला की नाही? काडीचा पत्ता लागत नाही.

१४ मे, गुरुवार

गळा चुकला. उसवला. रविवारी तिची आई न्यायला येणार. ठमीने बॅग आजच भरून दाराशी ठेवली आहे. एवढी घाई? फार लागलं मनाला. नवऱ्याला सांगितलं नाही, तो उगाच तिला बोलेल.

१५ मे, शुक्रवार

गळा पुन्हा चुकला.

१६ मे, शनिवार

झाला एकदाचा. ठमीने घातला. खांद्याच्या पट्ट्या जरा लांबच झाल्या आहेत, काजापुढे टोकं लोंबतात, बाकी बसला. आरशापुढे ती वाकली, उकिडवी बसली, उडी मारून बघितली.

मग पट्टीचं बटण काढून पट्टी माझ्यापुढे धरली. "इथे टोकाकडे अजून एक काज कर."

"का गं? काचतंय का?"

"नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी उंच झालेली असेन ना."